डायपरशिवाय बाळ, तेही कमी खर्चात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला दोन मुलं. थोरला डायपरवर वाढला, धाकटी जवळजवळ डायपरशिवाय. थोरल्याच्या वेळी मी हौसेने बाळंतपणाच्या यादीत डायपर लिहिले होते, धाकटीच्या वेळी घरखर्चाची वही उघडून बसले. घर तेच, डोंबिवलीतलं वन-बीएचके. पाणी सकाळी दीड तास. धाकटी चार महिन्यांची झाल्यापासून सोसायटीतल्या, ऑफिसातल्या आणि नात्यातल्या बायका मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

डायपरशिवाय म्हणजे बाळाला दिवसभर उघडं ठेवायचं का?

नाही हो. बाळाला लंगोट असतोच. फरक एवढाच, की लंगोट ओला व्हायची वाट बघायची नाही. बाळाची शी-शूची वेळ ओळखायची आणि त्या वेळी त्याला भांड्यावर, मोरीत किंवा आपल्या पायांवर धरायचं. जमलं तर भांड्यात, नाही जमलं तर लंगोटात.

हल्ली याला ‘एलिमिनेशन कम्युनिकेशन’ असं भारदस्त नाव आहे. माझी आजी चिपळूणला शेणाने सारवलेल्या पडवीत हेच करायची, पण तिने त्याला कधी नाव दिलं नाही. चुलीवर भात टाकतो त्याला कोण नाव देतं? चीनमध्ये लहान मुलांना मधोमध उघड्या शिवणीची चड्डी घालायची जुनी पद्धत आहे. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजात बाळाला पहिल्या काही आठवड्यांपासूनच सवय लावतात आणि पाच-सहा महिन्यांत ते बरंचसं कोरडं राहतं, असा अभ्यास 1977 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आला होता. अमेरिकेत फेकायचे डायपर बाजारात जोरात आले ते 1961 नंतर. त्याआधीही जगभरात बाळं होतीच की.

खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण हिशेब नीट मांडा. दिवसाला सहा डायपर आणि एक दहा रुपयांना असं धरलं तर रोजचे 60, महिन्याचे 1,800, वर्षाचे 21,900 रुपये. स्वस्त पॅकेट मिळालं तर कमी, चड्डीवाला महागडा प्रकार घेतला तर जास्त. आम्ही धाकटीला एरवी रात्रीचा एकच डायपर ठेवला. त्याचे महिन्याला 300.

आता दुसरी बाजू. महिनाभराचं बाळ दिवसरात्रीत पंधरा-वीस वेळा शू करतं. प्रत्येक वेळी लंगोट आणि खालचं दुपटं बदललं तर रोज तीस-चाळीस कपडे होतात. ते कोण धुणार? ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही, सगळी मुलं लंगोटावर वाढवली’ असं म्हणणाऱ्या काकांना विचारा, लंगोट कोण धूत होतं ते. डायपरचे पैसे वाचले आणि बाळंतिणीचे हात सोलले, तर त्याला मी बचत म्हणणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की खरी बचत लंगोटात नाही, वेळेवर धरण्यात आहे. भांड्यात झालेली प्रत्येक शी म्हणजे धुवायचा वाचलेला एक लंगोट, एक दुपटं आणि अर्धी बादली पाणी. नुसते डायपर बंद करून लंगोट सुरू केले आणि धरणं केलं नाही, तर आठवड्याभरात तुम्ही पुन्हा मेडिकलच्या दारात उभ्या असाल.

सुरुवातीला काय काय घ्यावं लागतं?

फार थोडं. आमच्याकडे हे होतं :

जुन्या सुती साड्या दोन. साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा वार पन्ह्याच्या साडीतून 55 सेंटीमीटरचे वीस चौकोन निघतात. चौकोन तिरका दुमडला की दुहेरी त्रिकोणी लंगोट तयार. काठाची जर काढून टाकायची, ती टोचते. साडी जितकी जुनी तितकी चांगली; नव्या कापडाची खळ जायला सात-आठ धुणी लागतात आणि तोवर ते पाणीच शोषत नाही. मला हे माहीत नव्हतं. मी हौसेने नवा मांजरपाट आणला, लंगोट शिवले, आणि पहिली शू त्यावरून ओघळून सरळ माझ्या साडीवर.

नाड्या बारीक आणि मऊ हव्यात, आणि गाठ सैल. पोटावर वळ उठला तर घट्ट झालं असं समजा. सेफ्टी पिन अजिबात नको.

दोन रबरी कापडं, पलंगावर टाकायला. आठ-दहा दुपटी. आणि एक भांडं. भांडं म्हणजे काहीही चालतं : प्लास्टिकचं छोटं घमेलं, आइस्क्रीमचा मोठा डबा. मी घाईत स्वयंपाकघरातला स्टीलचा वाडगा उचलला, तर आई तीन दिवस बोलली नाही. तो वाडगा मग कायमचा मोरीत राहिला. बाळ बसायला लागलं की साधी प्लास्टिकची पॉटी घ्या. गाणी म्हणणारी, दिवे लागणारी नको. बाळ दिव्यांकडेच बघत बसतं.

डायपर सोडले तर आमचा सुरुवातीचा सगळा खर्च हजाराच्या आत राहिला.

कधीपासून सुरू करायचं?

पहिल्या आठवड्यापासून चालतं, पण बाळंतिणीने स्वतः करायचं नाही. टाके असतील, सिझेरियन झालं असेल, तर उकिडवं बसणं, वाकणं सगळं नको. सव्वा महिना तुम्ही फक्त बघा, आणि धरायचं काम आईला, सासूबाईंना किंवा नवऱ्याला द्या. आमच्याकडे पहिल्या महिन्यात हे काम माझ्या नवऱ्याने केलं. तो म्हणायचा, दूध पाजणं माझ्या हातात नाही, निदान हे तरी आहे.

मान धरायला लागली, म्हणजे तीनेक महिन्यांनी, की काम सोपं होतं. सहा महिन्यांच्या बाळालाही सुरू करता येतं, फक्त तोवर त्याला ओल्यात राहायची सवय झालेली असते. अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाळाला आलीय हे कळतं कसं?

आधी घड्याळ बघा, मग बाळ. वेळा ठरलेल्या असतात. झोपेतून उठल्याबरोबर शू, ही सगळ्यात भरवशाची. दूध पिताना किंवा पिऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत शी, कारण पोटात दूध गेलं की मोठं आतडं हलायला लागतं. आणि लंगोट सोडल्या सोडल्या शू, ही तर प्रत्येक आईने अंगावर झेललेली आहे.

खुणा बाळागणिक वेगळ्या. कुणी पाय झाडतं, कुणी कण्हतं, कुणी पिता पिता छाती सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं. माझी लेक खेळता खेळता एकदम गप्प व्हायची आणि पंख्याकडे टक लावायची. पंख्याकडे बघितलं की उचला, हे आमच्या घरात थोरल्यालाही पाठ झालं होतं. ‘आई, पंखा!’ असं ओरडत तो भांडं घेऊन यायचा.

दोन दिवस एक काम करा. कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो ना, तसं बाळाचं मांडा. शूला टिंब, शीला फुली, शेजारी वेळ. मी तीन दिवस मांडलं आणि दिसलं, की सकाळी सहा ते नऊमध्ये सगळ्यात जास्त टिंबं, आणि शी जवळजवळ रोज साडेसातच्या आसपास. म्हणजे नळाला पाणी असतानाच. तेवढ्या एका वेळेने माझं अर्धं धुणं कमी झालं.

धरायचं कसं?

तान्ह्या बाळाची पाठ आपल्या पोटाला टेकवा, डोकं आपल्या छातीवर किंवा कोपराच्या खळीत. दोन्ही हात मांड्यांखालून घ्या, म्हणजे गुडघे पोटाच्या थोडे वर येतील आणि बाळ उकिडवं बसल्यासारखं होईल. पाय ओढायचे नाहीत, सरळ करायचे नाहीत, नुसत्या घोट्यांना धरून उचलायचं तर मुळीच नाही. सगळा भार मांड्यांवर आणि आपल्या अंगावर.

दुसरी पद्धत जुनी. पाटावर बसून आपले पाय पुढे पसरायचे, दोन्ही पावलांमध्ये थोडी फट ठेवायची, त्यावर बाळाला बसवायचं आणि बगलेखाली धरायचं. खाली वर्तमानपत्र किंवा भांडं. बाळाचं तोंड आपल्याकडे येतं, त्यामुळे गप्पा होतात. न्हाऊ घालणाऱ्या मावशी असतील तर त्यांना दाखवायला सांगा, मी लिहिण्यापेक्षा ते बरं.

एक-दोन मिनिटं धरायचं. नाही झालं तर सोडून द्यायचं. बाळ कमान करून मागे वळलं, रडलं, तर तिथेच थांबायचं. त्याला नको आहे.

मुलगा असेल तर धार वर जाते. भांडं थोडं पुढे धरा किंवा एका बोटाने खाली वळवा. भिंतीला ऑइलपेंट असेल तर उत्तमच.

तोंडाने ‘शूऽऽ’ केल्याने खरंच होते?

जादू नाही, सवय आहे. बाळ शू करत असतानाच दर वेळी तो आवाज काढला की काही आठवड्यांत आवाज आणि क्रिया यांची सांगड बसते. म्हणून आधी आवाज आणि मग शू असं नाही, आधी शू होत असताना आवाज. आम्ही शीसाठी वेगळा, ‘अँऽ’ असा कण्हल्यासारखा आवाज काढायचो. पाहुण्यांसमोर जरा लाज वाटते, मग जाते.

रात्रीचं काय?

झोपा. रात्री डायपर लावला म्हणून व्रत मोडत नाही.

डायपर नकोच असेल तर पलंगावर चार थर करा : रबरी कापड, दुपटं, पुन्हा रबरी कापड, पुन्हा दुपटं. मध्यरात्री भिजलं की वरचे दोन थर ओढून खाली टाकायचे, खालचा कोरडा थर तयारच असतो. दिवा लावायला नको, कपाट उघडायला नको. मात्र रबर बाळाच्या तोंडाजवळ येणार नाही असं गादीखाली नीट खोचून घ्या.

लंगोट धुवायचे कसे? पाणी कमी असेल तर?

शीचा लंगोट आधी संडासात झटकायचा, मग लगेच थंड पाण्यात. गरम पाणी आधी घातलं की डाग पक्का बसतो. फक्त अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाची पिवळी, दाणेदार शी पाण्याने सहज निघते; वरचं अन्न सुरू झालं की चिकट होते.

आम्ही तीन बादल्या ठेवल्या होत्या. पहिलीत शूचे लंगोट नुसते भिजत. दुसरीत साबण. तिसरीत चांगलं पाणी. तिसरीचं पाणी दुसऱ्या दिवशी पहिलीत जायचं. शीचे लंगोट या तिन्हींत नाही, ते मोरीत वेगळे. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, राहिलेला साबण पुरळ आणतो. मऊपणा आणणारं सुगंधी द्रावण घालू नका, त्याने कापडाची शोषायची ताकद जाते. जंतुनाशकाची रोज गरज नसते. कडक ऊन पुरतं. बाळाची शी ‘शुद्ध’ असते ही समजूत मात्र सोडा, प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा.

आणि पावसाळ्यात?

हा खरा प्रश्न. माझी लेक जूनमधली. पहिले चार महिने मी ऊन असं बघितलंच नाही.

घरात पंख्याखाली दोन दोऱ्या बांधल्या. कपडे जाड नकोत, म्हणून चार पदरी लंगोट बंद केले आणि पातळ साडीचे दुहेरी वापरले. पातळ कापड रात्रीत वाळतं, जाड तीन दिवस कुबट राहतं. वाळत आलेला लंगोट गरम इस्त्रीखालून काढायचा, म्हणजे उरलेली ओल आणि वास दोन्ही जातं. दमट लंगोट घडी करून ठेवू नका, बांधू तर नकाच. बुरशीचं पुरळ तिथूनच सुरू होतं.

कोकणात निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट वाळवायचे. कौलारू घरात ते चालून जात होतं. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये कोळशाचा धूर आणि वायू तान्ह्या बाळाला घातक आहे, आईने कितीही सांगितलं तरी नको. गॅसच्या शेगडीवर दोरी बांधणं तर त्याहून नको.

त्या चार महिन्यांत मी दिवसासुद्धा कधी कधी डायपर लावले. जुलैतल्या एका आठवड्यात तर रोज चार.

पुरळ उठलं तर?

आधी हवा लागू द्या. दुपट्यावर अर्धा तास मोकळं. कोमट पाण्याने पुसायचं, घासायचं नाही, टिपायचं. खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली पुरते. टाल्कम पावडर नको, ती बाळाच्या श्वासात जाते. जांघेत लालभडक चट्टे आणि भोवती बारीक पुळ्या दिसल्या, किंवा दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, तर डॉक्टर. शेजारणीकडचं मलम लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं.

बाळाला दूध पुरतंय का, हे लंगोटावरून कळतं का?

डायपरपेक्षा नक्कीच चांगलं कळतं, आणि या पद्धतीचा हा फायदा कुणी सांगत नाही. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू व्हायला हवी. डायपरमध्ये दोन वेळची की चार वेळची ते समजत नाही, इथे तुम्ही मोजत असताच. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी भुकटीसारखा डाग दिसू शकतो, घाबरू नका. नंतरही दिसत राहिला तर दाखवा.

पहिली शी काळी आणि चिकट असते, पहिल्या दोन दिवसांत व्हायला हवी. पुढे दीड महिन्यानंतर अंगावरचं पिणारं बाळ कधी कधी चार-पाच दिवस शी करत नाही. पोट मऊ असेल आणि बाळ खेळत असेल तर चालतं. पण शी पांढरी किंवा मातकट फिकट दिसली, तिच्यात रक्त दिसलं, किंवा सहा-आठ तास शूच झाली नाही, तर लगेच डॉक्टर गाठा. जुलाबातही तेच, आणि त्या दिवसांत धरण्याचा हट्ट सोडा.

नोकरी आहे. पाळणाघरात कोण धरणार?

2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची रजा आहे. ती प्रत्येकीच्या वाट्याला येते असं नाही. मला मिळाली. नंतर आमच्या पाळणाघराने स्पष्ट सांगितलं, डायपर नसेल तर बाळ घेणार नाही. तिथल्या दोन मावशींकडे नऊ बाळं होती, मी काय भांडणार? मग सकाळी उठल्यावर, पाळणाघराच्या दारात पोचायच्या आधी, आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या असं तीन वेळा धरलं. शी बहुतेक सकाळीच घरी व्हायची, त्यामुळे तिथे दोन-तीन डायपरवर भागायचं. अर्धवट केलं तरी बाळ गोंधळत नाही.

इतक्या लवकर सवय लावली तर मुलाच्या मनावर परिणाम होतो म्हणतात?

ही भीती जबरदस्तीच्या शिकवणीतून आलेली आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये मांडलं, की मूल तयार होईपर्यंत थांबावं, आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांनंतर शिकवणी सुरू करायचा सल्ला रूढ झाला. त्यांचा मुद्दा दडपणाविरुद्ध होता आणि तो बरोबरच आहे. रागावून, दाबून बसवलं तर मूल शी रोखून धरतं, बद्धकोष्ठ होतो आणि मग खरंच डॉक्टरांकडे खेपा सुरू होतात. पण चार महिन्यांच्या बाळाला दोन मिनिटं मांडीवर धरणं म्हणजे शिकवणी नव्हे.

‘आमची सहा महिन्यांत सुटली’ अशी स्पर्धा मात्र करू नका. नणंदेच्या मुलीशी तुलना सुरू झाली, की धरणाऱ्याचे हात आपोआप कडक होतात.

नऊ महिन्यांपर्यंत छान चाललं होतं, आता भांड्यावर बसतच नाही!

रांगायला लागली असेल. किंवा दात येत असतील. जग एवढं मोठं झालंय, भांड्यावर कोण बसेल? आमच्याकडे हे पाच आठवडे चाललं. ती भांड्यावरून उठून पळायची आणि टीपॉयखाली जाऊन निवांत करायची. मी फक्त उठल्यावरची एक वेळ ठेवली, बाकी सोडून दिलं. फरशी पुसायला जुना पंचा हाताशी ठेवा आणि गालिचा गुंडाळून माळ्यावर टाका.

बाहेर जाताना?

लग्न, एसटी, लोकल, दवाखाना : डायपर. निघण्याआधी एकदा आणि पोचल्यावर एकदा धरायचं, की डायपर बराच वेळ कोरडाच राहतो.

वापरलेला डायपर फेकताना आतली शी आधी संडासात टाका. मग कागदात घट्ट गुंडाळून बाहेर लाल खूण करा. 2016 च्या घनकचरा नियमांनी डायपर हा गुंडाळूनच द्यायचा कचरा ठरवला. लाल ठिपक्याची ही साधी युक्ती पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायकांसाठी चालवली गेली, कारण नाहीतर त्यांना तो हाताने उघडून बघावा लागतो.

मग पूर्ण कधी सुटतं?

लेक चौदा महिन्यांची असताना स्वतः पॉटी ओढत आणायला लागली. दिवसाचं बरंचसं दीड वर्षात सुटलं, रात्रीचं अडीच वर्षांनी. थोरल्याचं, डायपरवाल्याचं, दिवसाचं तिसऱ्या वर्षी आणि रात्रीचं चौथ्या. दोनच मुलं, त्यावरून नियम काढू नका.

उरलेल्या लंगोटांचं काय केलं?

मांजरपाटाचे ओट्यावर फडकी म्हणून सुरू आहेत. आता ते पाणी झकास शोषतात. साडीचे मऊ अकरा धुऊन, इस्त्री करून ठेवलेत. नणंदेला सातवा महिना लागलाय.